भिंतीला भोकं

'घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून' ही म्हण ज्या कुणी गृहस्थाने केली, त्याने स्वयंपाकघरात टाइल्स बसवून घेतलेल्या नसाव्यात. नाहीतर घर आणि लग्न ही दोन वेगवेगळी प्रकरणं आहेत असा त्याचा समज झाला नसता. ओट्यामागच्या नऊ फूट भिंतीला टाइल्स लावायला काढल्या, की घर बांधण्याचा आणि लग्न निभावण्याचा असे दोन्ही अनुभव एकाच वेळी आणि एकाच खर्चात येतात. सिमेंटचे पैसे वेगळे.

मला स्वतःला हा अनुभव घेण्याची अजिबात हौस नव्हती. आमच्या घरात बदल हौसेने होत नाहीत, काहीतरी पडल्यावर होतात. या खेपेला ओट्यामागची टाइल पडली. चार इंच बाय चार इंच, पांढरी, निरुपद्रवी दिसणारी. ती सरळ वरणात पडली. वरण पातेल्यात होतं, पातेलं गॅसवर होतं आणि मी ताटावर बसलो होतो.

"भिंत वरणात पडली," हिने आतून सांगितलं.

"पूर्ण?" मी विचारलं.

त्या दिवशी पिठल्यावर भागलं. दुसऱ्या दिवशी दुसरी टाइल पडली आणि तिसऱ्या दिवशी तिसरी पडेल या भीतीने ही पातेल्यावर झाकण ठेवून, झाकणावर वरवंटा ठेवून स्वयंपाक करू लागली. तेव्हा मी शरण आलो.

आम्ही भाईंदरला आलो १९९१ साली. तेव्हा इथे नगरपरिषद होती. महानगरपालिका व्हायला २००२ साल उजाडलं. गॅलरीत उभं राहिलं की मिठागरांतले मिठाचे पांढरे ढीग दिसायचे आणि खाडीवरून खारा वारा यायचा. आता मधे इमारती उभ्या राहिल्यामुळे आमच्या गॅलरीतून ढीग दिसत नाहीत. वारा मात्र न चुकता येतो आणि घरातल्या प्रत्येक स्क्रूला गंज चढवून जातो. आमच्या घरात एकही स्क्रू फिरत नाही. फिरतो तो तुटतो.

त्याआधी आम्ही गिरगावात चाळीत होतो. तिथे स्वयंपाकघर म्हणजे मोरीशेजारचा एक कोपरा. विजेच्या नावाने तिथे एक दिवा होता; प्लग पॉइंट हा प्रकारच नव्हता. वाटण पाट्यावर व्हायचं आणि पाट्याला वायर लागत नाही. त्यामुळे भाईंदरच्या जागेत स्वयंपाकघराला एक सोडून चार बोर्ड आहेत हे पाहिल्यावर आम्ही हरखूनच गेलो. वास्तुशांतीच्या दिवशी आईने चारही बोर्डांना हळदकुंकू लावलं होतं.

ते चार बोर्ड कुठे होते हे मात्र सांगायला हवं.

पहिला बोर्ड बरोबर गॅसच्या शेगडीमागे. प्रत्येक फोडणीतला निम्मा ऐवज त्याच्यावर उडायचा. त्याची प्लेट मूळची पांढरी होती असं मला आठवतं; पुढे ती पिवळी झाली, मग तपकिरी, आणि एका दिवाळीत अनारशांच्या वेळी तिचं एक बटण वितळून खाली ओघळलं. दुसरा बोर्ड बेसिनच्या वर, नळापासून वीतभर अंतरावर. पाणी आणि वीज ही दोन माणसं शेजारी राहायला आली तर कशी राहतील, हे ज्याला बघायचं असेल त्याने आमच्या घरी यावं. तिसरा बोर्ड ओट्याखाली, गॅसच्या सिलिंडरमागे. त्यात काही लावायचं असेल तर आधी सिलिंडर बाहेर ओढावा लागे, आणि सिलिंडर बाहेर ओढल्यावर तिथे उभं राहायला जागा उरत नसे. चौथा बोर्ड कोपऱ्यात, तुळईच्या खाली, जमिनीपासून साडेसहा फुटांवर. तो कशासाठी होता हे आजवर कुणाला कळलेलं नाही. हिने त्याच्या बटणाला चहाची गाळणी अडकवली होती.

या जागा ज्याने ठरवल्या तो माणूस मी कधी पाहिला नाही. बिल्डरचा इलेक्ट्रिशियन असावा. तो जेवत असणार यात शंका नाही. पण जेवण होतं कसं, हे त्याने पाहिलेलं नसावं. विजेचं बिल आधी बीएसईएसच्या नावाने यायचं, मग रिलायन्सच्या नावाने येऊ लागलं, २०१८ पासून अदानींच्या नावाने येतं. बिलावरच्या कंपन्या बदलल्या, बोर्ड आपल्या जागी ठाम राहिले.

आता टाइल्स लावायच्या म्हणजे या बोर्डांच्या भोवतीने लावायच्या. भिंतींना कान असतात असं म्हणतात. कानाचं एक बरं असतं, त्याच्या मापाने टाइल कापावी लागत नाही. भिंतीला भोकं असली की मात्र प्रत्येक भोकापाशी एक टाइल, अर्धा तास आणि माणसाचा स्वभाव खर्ची पडतो.

आम्ही हायवेवरच्या एका दुकानात गेलो. दुकानदाराने माल मोरबीचा असल्याचं अभिमानाने सांगितलं. त्यात विशेष काही नाही. देशातल्या बहुतेक टाइल्स गुजरातेतल्या मोरबीहूनच येतात. तिथून न आलेली टाइल दाखवली असती तर ती बातमी झाली असती. त्याने आम्हाला ऑफ व्हाइट, आयव्हरी, क्रीम, बिस्किट आणि बेज असे पाच रंग दाखवले. मला ते पाचही एकच दिसत होते. ही मात्र दारात नेऊन, उन्हात धरून, "यात पिवळी झाक आहे" वगैरे म्हणत होती. शेवटी आम्ही बिस्किट घेतलं. शिवाय दुकानदाराने 'हायलायटर' म्हणून दोन टाइल्स गळ्यात मारल्या. त्यांच्यावर किटली, दोन कप आणि कपांतून निघणारी वाफ असं चित्र होतं. त्या दोघींची किंमत बाकीच्यांच्या चौपट होती. वाफेचे पैसे असावेत.

"साइज?" मी विचारलं.

"बारा बाय अठरा."

हे ऐकल्यावर माझ्यातला हिशेबनीस जागा झाला. मी जन्मभर एका कचेरीत हिशेब तपासले. निवृत्त झाल्यापासून तपासायला काही उरलेलं नव्हतं. घरी येऊन मी आलेख कागद काढला. ओट्यामागची भिंत बरोबर नऊ फूट. म्हणजे एकशे आठ इंच. बारा इंचाच्या नऊ टाइल्स एका ओळीत, अशा दोन ओळी, एकूण अठरा. एकही टाइल कापायची नाही! चारही बोर्ड मी लाल पेन्सिलीने दाखवले आणि किटलीच्या दोन टाइल्स दोन बोर्डांच्या मधोमध येतील अशा बसवल्या. नकाशावर डावीकडे 'उत्तर' असं लिहून बाणही काढला. मला स्वतःला तो नकाशा इतका आवडला की मी तो हिला दाखवला.

"छान आहे," ही म्हणाली. "पण मिक्सर कुठे?"

"मिक्सर टाइलमध्ये येत नाही," मी समजावून सांगितलं.

ही काही बोलली नाही. डाळ निवडायला लागली. या गप्प बसण्याचा अर्थ तेव्हाच कळला असता, तर हा लेख दोन पानांनी कमी झाला असता.

मिस्त्री राजस्थानचा होता. तीसेक वर्षांचा, सडपातळ, कानाला पेन्सिल. ओट्यामागच्या टाइल्सच्या पट्ट्याला त्यांच्या धंद्यात 'डॅडो' म्हणतात. हे मला ठाऊक नसल्यामुळे "डॅडो कहाँ तक लेना है?" असं त्याने विचारलं तेव्हा मी "घर में ऐसा कोई नहीं है," असं उत्तर दिलं. मग मी त्याला आलेख कागद दिला. त्याने तो आधी सरळ, मग उलटा आणि शेवटी उजेडाकडे धरून पाहिला.

"साहब, ये क्या है?"

"प्लान है. इधर से चालू करने का और उधर को बराबर खतम होने का. एक भी टाइल काटने का नहीं."

त्याने खिशातून टेप काढली, खोक्यातली एक टाइल काढली आणि न बोलता माझ्यासमोर मोजली. तीनशे मिलिमीटर.

दुकानात ज्याला बारा इंच म्हणतात ते कारखान्यात तीनशे मिलिमीटर असतं, आणि तीनशे मिलिमीटर म्हणजे बारा इंच नव्हेत. बारा इंच म्हणजे तीनशे चार आणि वर दशांश आठ. एका टाइलमागे हा फरक कुणाच्या लक्षातही येणार नाही. पण नऊ टाइल्स म्हणजे दोन हजार सातशे, आणि माझी नऊ फूट भिंत दोन हजार सातशे त्रेचाळीस. म्हणजे शेवटी ४३ मिलिमीटर भिंत उघडी! जन्मभर लोकांचे हिशेब तपासलेल्या माणसाला एका तीस वर्षांच्या मुलाने टेप धरून ४३ मिलिमीटरांनी खोटं पाडलं. कचेरीत एवढी तफावत सापडली असती तर मी खुलासा मागवला असता.

"फिकर नहीं," मिस्त्री म्हणाला, "पट्टी फ्रिज के पीछे मारेंगे." जगातले बरेच हिशेब असेच कुठल्यातरी फ्रिजमागे जुळवलेले असावेत.

मग तो बोर्डांकडे वळला आणि त्याने जीभ टाळ्याला लावून 'च्यक्' असा आवाज काढला. गवंडी, डॉक्टर आणि मोटार मेकॅनिक हे तिघेच हा आवाज काढतात आणि तिन्ही वेळा पैसे आपले जातात. त्याने मला बोर्डांचं शास्त्र समजावलं. बोर्ड जर दोन टाइल्सच्या सांध्यावर आला तर सोपं. दोघींनी आपापल्या कडेचा थोडा तुकडा सोडायचा की झालं. बोर्ड टाइलच्या पोटात आला तर ग्राइंडरने खिडकी पाडावी लागते, आणि चारी बाजूंना पुरेशी कड राहिली तर ती टिकते. पण बोर्ड जर टाइलच्या कडेपासून बोटभर अंतरावर आला, तर ती बोटभर कड हमखास तुटते. माझ्या आलेखात चारपैकी तीन बोर्ड कडेपासून बोटभर अंतरावर होते.

शिवाय आणखी एक. जुन्या टाइल्स काढून नवीन लावल्या की भिंत माल आणि टाइल धरून बोटभर पुढे येते. बोर्डाची पेटी मात्र मागेच राहते. मग प्लेटचे जुने स्क्रू पोचत नाहीत, लांब स्क्रू आणावे लागतात. "और पुराना स्क्रू निकलेगा नहीं," असं म्हणत त्याने पहिल्याच स्क्रूला पेचकस लावला आणि तो तुटला. मी त्याला खाऱ्या वाऱ्याबद्दल सांगणार होतो. पण तो म्हणाला, "पहले वायरमन बुलाओ."

वायरमन हा जवळच्याच गावातला मुलगा, मराठी बोलणारा. पाठीला पिशवी, हातात टेस्टर. आला तो भिंतीकडे न बघता माझ्याकडे बघून म्हणाला, "काका, मिक्सर कुठे चालतो?"

"चांगला चालतो," मी म्हणालो.

"तसं नाही. कुठल्या बोर्डावर?"

मी चारही बोर्डांकडे पाहिलं. या घरात मी तीस वर्षांहून जास्त काळ जेवतो आहे. चटणी, वाटण, ताक, आंबोळीचं पीठ, या सगळ्यांचा घरघराट मी रोज ऐकलेला आहे. तो आवाज कुठल्या भिंतीतून येतो हे मला सांगता येईना. मी अंदाजाने शेगडीमागचा बोर्ड दाखवला.

"त्याचं तर बटण वितळलंय," मुलगा म्हणाला. "फ्रिज? ओव्हन?"

मी नकाशात उत्तर दिशा दाखवलेली होती. पण ती कुणी विचारली नाही.

शेवटी हिला बोलावलं. ही कणीक मळत होती, तशीच पिठाच्या हातांनी आली आणि जे बोलली त्यात एकही शब्द जास्त नव्हता. शेगडीमागचा बोर्ड कायमचा बंद आहे. ओट्याखालचा वापरत नाही, सिलिंडर ओढून कंबर धरते. वरच्याला हात पोचत नाही. मिक्सर बेसिनवरच्या बोर्डावर चालतो, कारण चालणारा तेवढाच आहे. पण मिक्सर लावला की नळ सोडायचा नाही, आणि नळ वापरायचा तर मिक्सरची पिन काढायची, म्हणून वाटण असलं की भांडी आधी घासून घ्यायची. ओव्हन मुलाने घेऊन दिला तो बाहेरच्या खोलीत टीव्हीच्या पॉइंटवर चालतो, म्हणून बातम्यांच्या वेळी केक करत नाही.

मी आश्चर्याने ऐकत होतो. केक माझ्या बातम्यांसाठी थांबतो हे मला नवीन होतं.

मुलाने बेसिनवरच्या बोर्डाची प्लेट उघडली, पिशवीतून दोन वायरी जोडलेला एक बल्ब काढला आणि आत टेकवला. बल्ब लागला. मग एक वायर हलवून तिसऱ्या जागी टेकवली. बल्ब लागला नाही. त्याने पुन्हा करून पाहिलं. मग आतून एक हिरवी वायर बोटाने ओढली. ती चार इंच बाहेर आली आणि संपली. दुसऱ्या टोकाला काहीच नव्हतं. भिंतीतल्या सिमेंटात नुसतीच खोचून ठेवलेली होती.

"काकी," तो म्हणाला, "याला अर्थिंगच नाही. कधी झटका नाही बसला?"

"बसतो की," ही म्हणाली. "म्हणून तर पाटावर उभी राहते."

इथे मला त्या पाटाबद्दल सांगायला हवं. हिच्या माहेरहून आलेला, पितळी फुलं ठोकलेला शिसवी पाट आमच्या स्वयंपाकघरात कायम बेसिनसमोर असतो. मिक्सर लावताना ही त्याच्यावर उभी राहते. ही उंचीने पाच फुटांच्या आतली, तेव्हा हात पोचावा म्हणून उभी राहते असा माझा समज होता. त्यावर मी वेळोवेळी विनोदही केले होते. आई होती तोवर तिला ते आवडत नसे; पाट हा बसायचा, त्यावर पाय देऊन काय उभं राहायचं? पण स्वयंपाकघरात चपला घालणं तिला त्याहून आवडलं नसतं. तेव्हा हिने दोन पापांतलं धाकटं निवडलं होतं. कोरडं लाकूड विजेला सहज वाट देत नाही, हे ही शाळेत शिकली होती. मीही शिकलो होतो. पण मी ते आलेख कागदावर वापरलं नव्हतं.

"अगं, मग इतक्या वर्षांत कधी बोलली नाहीस?"

"सांगितलं होतं."

"कधी?"

"तो मियाँदाद उड्या मारत होता तेव्हा."

तारीख मला पाठ आहे. ४ मार्च १९९२, सिडनी, वर्ल्ड कप. आमच्या किरण मोरेच्या अपिलांनी चिडून जावेद मियाँदादने खेळपट्टीवर बॅट आडवी धरून बेडकासारख्या उड्या मारल्या होत्या. मी कचेरीत पोट दुखत असल्याचं कळवून घरी बसलो होतो. ऐन त्या क्षणी ही स्वयंपाकघरातून हात झटकत बाहेर आली आणि म्हणाली, "अहो, मिक्सरचा शॉक बसतोय." आणि मी टीव्हीवरची नजर न काढता म्हणालो, "यालाही बसलेला दिसतोय."

हा विनोद मी पुढे किती ठिकाणी सांगितला असेल! कचेरीत, लोकलमध्ये, लग्नांच्या पंक्तींत. लोक पोट धरून हसतात. ही मात्र कधी हसली नाही, आणि हिला क्रिकेट कळत नाही असं मी समजत आलो. सांगताना मी सुरुवात मियाँदादपासून करत असे. त्याच्या आधीचं वाक्य माझ्या लक्षातूनच गेलं होतं. ती मॅच आपण ४३ धावांनी जिंकलो. माझ्या आयुष्यात ४३ या आकड्याचं काहीतरी आहे, हे मला त्या उघड्या बोर्डासमोर उभं राहिल्यावर कळलं.

इंग्रजांनी १९४७ साली दोन गोष्टी सोडल्या. एक हिंदुस्थान आणि दुसरी गोल पिनांचा प्लग. त्याच वर्षी त्यांनी स्वतःसाठी चौकोनी पिनांचा प्लग ठरवला आणि गोल भोकं आपल्याकडे राहिली. त्यातलं वरचं भोक सर्वांत मोठं असतं. त्यात जाणारी पिन जाड आणि इतरांपेक्षा लांब असते, म्हणजे ती सगळ्यांच्या आधी आत जाते आणि सगळ्यांच्या नंतर बाहेर येते. यंत्राच्या पत्र्यात वीज उतरली तर ती हात लावणाऱ्याच्या अंगातून न जाता या वाटेने जमिनीत जावी, एवढ्यासाठी हा खटाटोप. आमच्या बोर्डातही हे तिसरं भोक होतं. आकाराने सर्वांत मोठं, जागा सगळ्यांच्या वर, आणि मागे जोडलेलं काहीच नाही. मला ते घरातल्या कर्त्या पुरुषासारखं वाटलं.

असे सगळेच नवरे असतात असं नाही. मुंबईतच १९६३ साली सत्यप्रकाश माथुर नावाच्या इंजिनिअराने 'सुमीत' मिक्सर काढला. त्याची हकीकत अशी सांगतात, की त्यांच्या पत्नीचा जर्मन मिक्सर आपल्याकडचं वाटण सोसेना आणि बंद पडला, तेव्हा या गृहस्थाने आपल्या डाळ-तांदळाला पुरून उरेल असं यंत्र स्वतः तयार केलं. बायकोने मिक्सरची तक्रार केल्यावर एका नवऱ्याने कारखाना काढला आणि दुसऱ्याने विनोद केला. तोही पाकिस्तानच्या खेळाडूवर.

मी आलेख कागदाची घडी घातली.

"काकी, तुम्हीच दाखवा कुठे पाहिजेत ते," मुलगा म्हणाला.

ही ओट्यापाशी उभी राहिली. एकदा शेगडीपाशी, एकदा बेसिनपाशी, एकदा फ्रिजचं दार उघडून. उजवा हात हवेत फिरवून तिने मिक्सर लावल्यासारखं केलं, झाकण दाबल्यासारखं केलं. मग पिठाचा अंगठा भिंतीवर टेकवला. एक शेगडी आणि बेसिनच्या मधे, दोघांपासून सारखाच दूर. एक फ्रिजच्या बाजूला, ओव्हनसाठी. एक खिडकीखाली. तीन अंगठे, तिन्ही एका रेषेत, ओट्यापासून सारख्या उंचीवर. मिस्त्रीने जवळ जाऊन टेप लावली आणि मान हलवली. "ये सही है," तो म्हणाला. माझ्या नकाशाला त्याने हे तीन शब्द दिले नव्हते.

पुढचे चार दिवस घरात काय झालं ते थोडक्यात सांगतो, कारण त्यातलं बरंच अजून भातात सापडतं. वायरमनने भिंतीला झिऱ्या मारल्या, जुने बोर्ड काढले, आणि मेन बोर्डापासून नवी हिरवी वायर प्रत्येक तिसऱ्या भोकापर्यंत आणून पक्की जोडली. मग एक आरसीसीबी बसवलं. वीज नको त्या वाटेने तीस मिलिअँपिअर जरी गळली, तरी ते क्षणात पुरवठा तोडतं. शेजारचे काका रोज सकाळी येऊन, कमरेवर हात ठेवून, "आम्ही आडव्या लावल्या असत्या" एवढं सांगून जात. खोक्यात सहा टाइल्स, अशी चार खोकी आणली होती. सहा जास्तीच्या होत्या, त्यांतल्या पाच फुटल्या. दोन मिस्त्रीकडून, दोन ग्राइंडरकडून आणि एक माझ्याकडून. मी ती नुसती बघायला उचलली होती.

खिडकीखालचा बोर्ड नेमका किटलीच्या टाइलवर आला. मी म्हणालो, ती टाइल दुसरीकडे लावा. तोवर मिस्त्रीने खिडकी पाडली होती. आता किटलीच्या पोटात तीन गोल भोकं आहेत आणि शेजारच्या कपातून वाफ निघते आहे. मी फार हळहळलो.

"असू दे हो," ही म्हणाली. "हल्ली किटल्या विजेवरच चालतात."

पाचव्या दिवशी सकाळी सांध्यांतलं पांढरं सिमेंट वाळलं. भिंत बिस्किटासारखी दिसत होती. उजेडाकडून पाहिलं तर पिवळी झाकही होती. मला प्रथमच दिसली. मी हिला म्हणालो, "आजची चटणी मी वाटतो."

हिने माझ्याकडे पाहिलं, पण विचारलं काही नाही. ओलं खोबरं, मिरच्या, कोथिंबीर भांड्यात घालून दिली. मी पाट पायाने बाजूला सरकवला. मुद्दाम अनवाणी, ओल्या फरशीवर उभा राहिलो. घरातला हा मिक्सर १९९१ सालचाच, पत्र्याच्या अंगाचा. दोनदा कॉइल भरून घेतलेली, पण हिने टाकू दिलेला नाही. पिन लावली, बटण दाबलं आणि डावा हात त्याच्या अंगावर ठेवला. हात ठेवण्यापूर्वी मी डोळे मिटले होते हे कबूल करतो.

काहीही झालं नाही. मिक्सर घरघरत होता, हात जागेवर होता. तीन दशकं रोज सकाळी या बाईने जे धरून ठेवलं होतं, ते आता निमूटपणे हिरव्या वायरीतून जमिनीत चाललं होतं. मी बटण बंद करून म्हणालो, "अगं, तेव्हा मॅच बंद करून उठायला हवं होतं मी."

"जिंकली ना पण," ही म्हणाली. मग तिने पाट उचलला, ओल्या फडक्याने पुसला आणि कितीतरी वर्षांनी देवासमोर नेऊन ठेवला. परत येऊन चटणीत बोट बुडवून चव घेतली.

"झाली का फक्कड?" मी विचारलं.

"मीठ राहिलं," ही म्हणाली. "भाईंदरला राहून!"